आठ बाय आठ

लॅमिंग्टन रोडवरच्या खोजेमाने
वजनावर देतो म्हणून सुरुवात केली
आणि नऊशेला सोडला.
रबरी बटणांचा, टिफिनएवढा कॉम्प्युटर,
माझ्या दहावीच्या वर्षीचा.
उघडला तर आत एक वाळलेलं झुरळ
आणि एक लवंग. ती कशी गेली, देव जाणे.

चालू केला की
पडदा काळा होतो, मग करडा,
आणि तळाशी परक्या कंपनीचं नाव, साल,
हक्क राखून ठेवल्याची ताकीद.
चाळीस वर्षं हेच.
म्हटलं, आता विक्रोळीत आलाय,
कन्नमवार नगरात, दुसऱ्या मजल्यावर,
तर उठल्यावर पहिलं तोंड मराठीत उघडू दे.

काय लिहायचं?
श्री. दुसरं काय.
वाण्याच्या यादीच्याही माथ्यावर असतो.
जागा आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच,
दर ओळीचा एक आकडा.
शिरोरेषा सोपी: दोनशे पंचावन्न.
शेजारच्या घरात पुन्हा दोनशे पंचावन्न,
की रेघ आपसूक जुळते,
कुणाला सांगावं लागत नाही.
पण श, त्याच्या पोटात र, वर वेलांटी:
पडद्यावर उमटला तो खेकडा होता.

बाबा भिंग घेऊन आले.
छत्तीस वर्षं गिरगावात खिळे जुळवलेले,
झोपेतही उजव्या हाताची चिमूट सुटत नाही.
"श्री फोडून लावत नाहीत," म्हणाले,
"त्याचा अखंड खिळा असायचा.
केसमध्ये, वरच्या कोपऱ्यात."
माझ्याकडे कुठली केस.
मग सुस्वागतम्?
"हॉल भाड्याने द्यायचाय का?"
तयार आहे?
"कोण? तू की तो?"

मी चिडले. साडेअकरा वाजलेले,
हायवेवर कंटेनर, टेबलावर चमचा किणकिणत होता.
विचारलं, हस्तलिखिताचं पहिलं पान
तुमच्यापुढे ठेवलं की
काय म्हणायचात तुम्ही?
त्यांनी भिंग पुसलं, परत पुसलं.
"काय म्हणणार. हं."

हं.
होकार नाही तो, प्रश्नही नाही.
दार लोटलेलं, कडी न लावलेली.
आई दिवसभराचं सांगायची तेव्हा हं,
गणितात राहिले हे मी सांगितलं तेव्हा हं,
प्रेस विकली असं मालकाने सांगितलं
तेव्हाही, मला वाटतं, इतकंच.

वरच्या ओळीत सोळा: एक टिंब.
मग शून्य.
मग दोनशे पंचावन्न.
उरलेल्या पाच ओळींत ह चं पोट, ह ची शेपटी,
त्यावर दोन रात्री गेल्या.
मग सगळं चिपमध्ये जाळलं.
या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते.
उन्हात राहिली तर ती सगळं विसरते,
म्हणून खिडकीवर काळी पट्टी चिकटवली,
चिप बसवली,
बटण दाबलं.

काळा. करडा.
आणि डाव्या कोपऱ्यात, एकटं,
हं.
पुढे लुकलुकणारा कर्सर.

बाबा वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके.
मी पाहत होते त्यांच्याकडे,
काहीतरी म्हणतील म्हणून.
म्हणाले,
"अनुस्वार जरासा उजवीकडे हवा."

सोळाच्या जागी आठ, एवढंच.
पण या चिपवर एकाचं शून्य करता येतं,
शून्याचं एक नाही.
टिंब पुसता येतं, सरकवता येत नाही.
सरकवायचं तर आधी
होतं तेवढं सगळं विसरायला लावायचं.

"राहू दे का मग?" मी.
ते काहीच बोलले नाहीत.
जुळारी मुद्रितावर खूण करून गप्प बसतो, तसे.

सकाळी पट्टी सोलली.
ऑक्टोबरचं ऊन कडक आहे, तरी आठवडा लागेल.
ग्रिलमध्ये, त्यांच्या मोज्यांशेजारी
ठेवली आहे वाटीत, खिडकी आभाळाकडे.
बाबा खुर्ची टाकून बसलेत.
कावळा येतो म्हणे,
चकाकतं ते उचलतो.