छाट

लाखात दहा-पंधरा, डॉक्टर म्हणाले.
अम्माच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं,
तरी बोटं वळतच होती
अंगठ्याखाली हवेचं पान घेऊन.

लाख अम्माला चांगला ठाऊक आहे.
दिवसाला हजार विड्या, शंभर दिवसांचा लाख.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस सुपात,
आणि कारखान्यात तो चेकर
कट्टा दाबून बघतो, नाक मुरडतो, मूठभर बाजूला फेकतो.
"लाखाला पंधरा?
एवढी छाट तर तो मोजतसुद्धा नाही,"
ती म्हणाली. नाकातून.
दुपारनंतर तिचे शब्द नाकातूनच येतात.

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली.
सकाळी टक्क उघडी, साडेचारला अर्धं शटर.
विडी घरकुलातल्या बायका म्हणाल्या, जागरण.
यल्लव्वानं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.
मग एका दोऱ्याचे दोन दोरे दिसू लागले,
गाठ कुठल्याला मारायची?
मग कडक भाकरी सुटली, मग मऊसुद्धा;
चार घासांत जबडा बसायचा,
ती हनुवटी तळहातानं उचलून
उरलेली भाकरी चावायची,
कुणी बघितलं की दात दुखतोय म्हणायची.

मेंदू निरोप धाडतो, डॉक्टरांनी समजावलं,
पण स्नायूच्या दाराशी आपल्याच रक्तातले शिपाई
निरोप्याला आत सोडत नाहीत.
"म्हणजे घरचेच," अम्मा म्हणाली.

आणि जे मी जिन्यात एकटी परत जाऊन विचारणार होते
ते तिनंच विचारलं, पदर सारखा करत:
मरतो का माणूस यानं?
पूर्वी तिघांतला एखादा जायचा.
आता थोडे.
गोळी चुकवू नका. धाप लागली तर
सकाळची वाट बघू नका, तडक सिव्हिल गाठा.
ती गप्प झाली. लाख तिला कळतो.
थोडे कळत नाहीत.

रात्री मी हिशेब मांडला वहीच्या मागच्या पानावर:
शहर दहा लाखांचं धरलं
तर शंभर-दीडशे जण. एका लग्नाची एक पंगत.
कुठं बसलीय ही पंगत?
सिटी बसमध्ये मी पापण्या बघत जाते,
रेशनच्या रांगेत, पाळी सुटलेल्या मागवाल्यांच्या.
पण मे महिना, त्रेचाळीस डिग्री;
सोलापुरात सगळ्यांच्याच पापण्या पडलेल्या.

एकाचाच पत्ता लागला. मेडिकलवाला इरण्णा म्हणाला,
ही गोळी मी दोघांपुरतीच मागवतो.
एक तुम्ही, एक जुळे सोलापूरचे हत्तुरे,
दर गुरुवारी येतात.
मग मीही गुरुवारी जाऊ लागले.
गाठ कधी पडली नाही. नुसतं पाकीट दिसायचं ड्रॉवरमध्ये
आमच्या पाकिटाला चिकटून,
हत्तुरे, निळ्या पेनानं.

या गुरुवारी इरण्णानं दोन्ही पाकिटं पुढं केली.
"न्या. पडून राहतील, तारीख जाईल."
नावावर एक आडवी रेघ होती.
गाव बदललं असेल. मुलाकडं गेले असतील पुण्याला.
मी सुटे पैसे मोजत राहिले,
तो पंख्याकडं बघत राहिला.

चारचा गजर झाला. अम्मानं गोळी घेतली,
भिंतीला टेकून बसली.
अर्ध्या तासानं शटर वर गेलं
आणि तिला पहिल्यांदा दिसलं ते फळीवरचं पाकीट.
"हे दुसरं कुणाचं?"
घरचंच, मी म्हणाले.
तिनं सूप मांडीवर ओढलं.
तीनशे बारा. तीनशे तेरा.