घंटी वजा जाता

दौलतगंजात बावीस वर्षं मी सायकलींची बिलं लिहिते.
अक्षर वळणदार आहे, म्हणून कॉम्प्युटर आल्यावरही
मालकांनी मला ठेवून घेतलं.
सांगते ते हिशेबाचं आहे, रडगाणं समजू नका.

पौषातली सकाळ. बाड्यावरचं घड्याळसुद्धा धुक्यात.
रामश्री आली, गजक कुटणारी,
मागे तिची कंचन, आठवीतली.
नोटांना तिळाचा वास,
गुळानं एकमेकींना धरून बसलेल्या.
मी एकेक सोडवली:
चार हजार आठशे तीस.

सायकल चार हजार सहाशेची.
त्यावर कर, तेव्हा बारा टक्के होता, पाचशे बावन्न.
"हे कोण घेतं?"
मी बोट वर केलं.
तिला वाटलं, देव.
"त्याला तर आत्ताच नारळ देऊन आले," म्हणाली.

कंचननं सायकलीभोवती एक फेरी मारली
आणि मुरलेल्या गिऱ्हाइकासारखी बोलली:
कॅरियर काढा.
एकशे चाळीस वजा.
स्टँड काढा.
नव्वद.
मग जरा थांबून, आईकडे न बघता,
घंटी.
साठ.
निसारभाईंचा पाना इतका हळू फिरताना
मी कधी पाहिला नव्हता.
नवी बेरीज: चार हजार आठशे सत्तावीस, वीस पैसे.
परत द्यायचे दोन रुपये ऐंशी पैसे.
ऐंशी पैसे आता टांकसाळीलाही आठवत नसतील.
मी तीन दिले.
स्टँड नसलेली सायकल
तोवर रामश्रीच्या कमरेला टेकून उभी.

संध्याकाळी मेळ्यात गेले.
मोटारींच्या दालनावर फलक:
रोड टॅक्समध्ये अर्धी सूट, फक्त मेळ्यापुरती.
बॉनेटवर रेशमी फीत, काचेवर स्वस्तिक,
पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून
एक कुटुंब फोटोला उभं.
त्यांचा राग नाही. त्यांचीही हौस.
मी फक्त भागाकार केला, खोड आहे:
त्यांच्या सुटलेल्या पैशांत साठ रुपयांच्या घंट्या किती.
आकडा मोठा आला,
आणि तिथे भोंगे फार वाजत होते.

रात्री अर्ज लिहिला. "सविनय" खोडलं.
पुन्हा लिहिलं.
सह्या: दोन दूधवाले, एक पेपरवाला,
निसारभाईंची उर्दूत, उजवीकडून आलेली.
पोस्टमन म्हणाले, सरकारी माणूस, सही नको,
पेन संपलं तर माझं घ्या.
जिवाजीगंजातले कर्णिक मास्तर चष्मा शोधायला आत गेले
आणि पत्र्याचा गंजका बिल्ला घेऊन आले,
नगरपालिकेच्या सायकलकराचा.
"तेव्हाही भरला. हा बघ."
सही मग बिनचष्म्याचीच, ओळ सोडून.

कचेरीतले साहेब भले गृहस्थ.
"बाई, सायकलीला रोड टॅक्सच नाही, सूट कशावर मागता?"
म्हटलं, रस्त्यावरची नाही साहेब,
दुकानातून रस्त्यावर येण्याची.
"ते दिल्लीचं काम."
मग पुढे पाठवा.
शिक्का बसला. आवक क्रमांक चारशे सोळा.
पोच मी घडी न घालता आणली.

आता एक गोष्ट, जी अर्जात नाही.
ती घंटी माझ्या खणात आहे.
साठ रुपये, वर कर, मलाही जड नाहीत.
पण ती बसवून दिली
तर अर्जात दाखवायला काय उरेल,
असं माझ्या मनात आलं.
आलं, ते लिहून ठेवते.

परवा घरी चालले होते, अंधार पडता पडता.
धुक्यात मागून कुणीतरी तोंडानं म्हणालं,
ट्रिंग ट्रिंग.
मग जरा मोठ्यानं,
ट्रिंग ट्रिंग, काकी, सरका ना.

मी सरकले.