टाइमकीपरचा उजवा हात

परदेशीपुऱ्यात मिलचा भोंगा सातला वाजायचा
आणि सात वाजून पाच मिनिटांनी
माझे वडील, मनश्शे ओहोळ,
फाटकातली छोटी खिडकी लावून घ्यायचे.
आतून कडी.
बाहेर राहिला त्याचा पितळी बिल्ला खिळ्यावर तसाच,
अर्धा दिवस कापला.
मग तो बायकोला दवाखान्यात सोडून आलेला असो
की कलालीतून उठून.

घरीही त्यांची एक वही होती.
रविवारची उपासना, दशांश, उपास,
दिलेलं उसनं, सोडलेलं व्याज,
बारीक उभ्या अक्षरात.
आई म्हणायची, वर गेल्यावर काय ऑडिट आहे का तुमचं?
ते म्हणायचे, मागितलं तर असावं.

शलमोनकाका, बिल्ला नंबर चारशे सतरा.
बिल्ला झिजला तो खिळ्यावरच.
दारू, पत्ते, दोनदा आईच्या पाटल्या.
यकृत संपलं तेव्हा एम. वाय.च्या चौथ्या मजल्यावर
पाळकांचा हात धरून लेकरासारखा रडला
आणि अकराव्या दिवशी गेला.
मंडळीनं त्याला तेच गीत गायलं
जे आजोबांना गायलं होतं.
तीच रांग, तसाच चुना लावलेला क्रूस.

वडील माती टाकायला पुढे झाले नाहीत.
घरी आल्यावर पाळकांना म्हणाले,
तीस वर्षं मी वेळेवर.
हा फाटक लागताना आत घुसला.
आणि पगार सारखाच?
पाळक बशीतल्या चहाकडे बघत राहिले. साय धरली.
मग हळूच म्हणाले,
ओहोळसाहेब, पगारावर तुम्हीही नाही आहात.

त्यानंतर चार महिने वडील देवळात गेले नाहीत.
वहीत त्याची नोंद आहे.
सतरा रविवार, सतरा शून्यं.
स्वतःलाही त्यांनी सूट दिली नाही.

मग मिल बंद पडली. कामगार कोर्टाच्या पायऱ्यांवर
थकबाकीच्या यादीत लोक आपापलं नाव बोटानं शोधू लागले.
बिल्ले कुणीतरी भंगारात किलोवर विकले.
आणि एका सकाळी दाढी करताना
वडिलांचा उजवा हात गेला.
वाचा गेली. आकडे गेले.
तारीख विचारली की छताकडे बघत.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं.
सगळे आपली ओंजळ पुढे करत होते.
त्यांचा उजवा हात मांडीवर,
पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा.
डावा त्यांनी शालीत लपवला,
लाजेनं की जुन्या हट्टानं, कोण जाणे.
पाळकांनी वाट पाहिली नाही.
वाकले,
आणि भाकरीचा तुकडा ओठांत ठेवला,
दात न आलेल्या बाळाला भरवतात तसा.
पेला त्यांनीच धरला.
थोडा द्राक्षरस इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडला.
मी पदर पुढे केला, पुसला मात्र नाही.

वडील बराच वेळ चावत राहिले.
एवढ्याशा तुकड्याला एवढा वेळ.
मग घशातून काहीतरी आलं,
गंज लागलेल्या कडीसारखं.
चा... चारशे... सतरा.
पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बरळताहेत.
मी काही बोलले नाही.
हजेरी घेतानाचा तो आवाज मला पाठ होता.
आणि पहिल्यांदाच त्यात
उशिराचा दंड नव्हता.

ते गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली.
वही माझ्याकडे आहे. पुढची पानं कोरी.
माझं नाव कुठे लिहिलंय का,
माझ्या जन्माआधी, या शहराच्याही आधी,
हे मी रात्री विचारते,
आणि उत्तराआधी झोप लागते.
भोंगा कधीचा मुका आहे.
मिलच्या जागी फ्लॅट उभे राहिले.
तरी सातला पाच कमी असताना
कुणीतरी उठवल्यासारखी मला जाग येते.
मी उठते. खिडकीची कडी काढते.
समोरच्या गाड्यावर पोह्यांची वाफ,
आणि उशीर झालेली माणसं, खात उभी.