तासाची लुना

दुपारची गाडी आली नाही. आता सहाचीच,
म्हणाला पानठेल्यावरचा पोरगा चुना लावता लावता,
जणू सहा वाजवणं हे माझंच काम.

मी अंगणवाड्यांचं दफ्तर तपासायला आलेली,
मूळची वाशीमकडची, कोरडवाहू.
वजनाचे तक्ते, तांदळाची पोती, सह्या,
सगळं एकलाच उरकलेलं.

समोर टिनाचं दुकान: उदाराम नान्हे, सायकल दुरुस्ती.
दारात एक लुना, एकेकाळी लाल असावी.
पाटीवर खडूनं: तासाचे चाळीस, पेट्रोल आपलं.
अनामत काय ठेवू, विचारलं.
त्यानं क्षणभर पाहिलं, म्हणाला, घड्याळ ठेवा.
घड्याळ ठेवल्यावर तास कसा मोजायचा
हे त्यालाही सुचलं नाही, मलाही.

"चढावर पायडल माराव लागन बाई.
ब्रेक मांगचाच लागते, पुढचा नावाले हाये.
अन् पारीवर म्हशी आल्या का तुमीच थांबजा.
त्या नाई थांबत."

आमच्या घरीही होती एक. बाबा तीवर सरकीची पोती आणायचे.
भाऊ शिकला जिनिंगच्या आवारात,
मी मागून कॅरिअर धरून धावायची, तो पडू नये म्हणून.
पुढं तो पडेनासा झाला
आणि माझं धावणं संपलं.

चढावर खरंच पायडल मारावं लागलं,
एका हातानं निऱ्या चेनपासून वाचवत,
पर्स गळ्यात, बावन्न वर्षांची बाई.
धान कापणाऱ्या दोघी हसल्या असतील. हसोत.
पारीवर पोचले तेव्हा पाणी दिसलंच नाही लगेच.
आधी वास, शेवाळाचा, मासळीचा, ओल्या दोराचा,
मग डोळ्यांत उजेड,
मग पाणी.

आमच्याकडं पाणी म्हणजे नंबर लावायची गोष्ट.
इथं ते नुसतं पसरलेलं,
सातबारा कोणाच्या नावे आहे हे न विचारता.
डावीकडं पाणी, उजवीकडं धानाच्या धसकटांत
लाखोळीची निळी फुलं,
मधून मी, फटफटत, धुराची शेपटी लावून.
काट्याचा पत्ता नाही. सायकलवाला एक पोरगा
मला मागं टाकून गेला, वर टाटा केला.

वळणावर तीन दगडांच्या चुलीवर सिंगाडे उकळत होते.
फुलवंता म्हणे तिचं नाव. नवरा डोंग्यात, जाळं सोडवत.
पळसाच्या पानावर सिंगाडे, माझी बोटं काळी.
पाण्यात एक टेकडी होती, तिच्यावर एकच येनाचं झाड.
"थे बेट," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पायी जाता येते."
मग उन्हाळ्यात त्याला काय म्हणता?
"उन्हाळ्यात कोन पायते तिकडं!"

जरा वेळानं तिनंच विचारलं,
"समुद्र पायला का वो बाई?"
नाही.
"मीबी नाई. खारं रायते म्हनतेत."
तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.
"मंग सिंगाडा कायचा होते."

सांडव्यापाशी वाट उतरून पाण्यातच गेली.
लुना बंद केली. कान काही वेळ फटफटतच राहिले.
बदकं उठली, एक चक्कर मारून तिथंच बसली,
तेवढ्यासाठी उठली होती बहुतेक.
किती वाजले म्हणून मनगट पाहिलं:
घड्याळाच्या जागी फिकट पट्टा,
पंचवीस वर्षं ऊन न लागलेला,
लहान मुलाच्या कातडीसारखा.
हात उताणा करून मी तो उन्हात धरला.
किती वेळ, ते उदारामला विचारावं लागेल.

पलीकडून हॉर्न ऐकू आला.
सहाची असेल. किंवा दुपारचीच, आता आलेली.
लुना वळवली, पायडल मारलं, दुसऱ्यांदा मारलं,
तिसऱ्यांदा सुरू झाली.

पारीवर समोरून म्हशी आल्या.
मी थांबले.
त्या नाही थांबल्या.