साभार परत

पाकिटावर अक्षर तिचंच असायचं.
तिकीटही तिनेच चिकटवलेलं, जरा तिरकं,
राणीची हनुवटी कोपऱ्यात रुतलेली.
लंडनचे लोक स्वतःच्या खर्चाने नाही म्हणत नाहीत.
नकाराची चिठ्ठी तेवढी त्यांची;
नाव आपलं, घर आपलं,
परतीचं भाडंही आपणच आधी भरायचं.

मी विकचा पोस्टमन, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला.
बंदराच्या अंगाच्या चार गल्ल्या माझ्या.
इथला वारा दारं उघडतो
आणि लावून घ्यायला विसरतो.
आयना ब्रेम्नरच्या पायरीवर
मी पाकीट आधी चाचपायचो.
पातळ असलं तर नुसती चिठ्ठी,
जाड असलं तर बाड घरी आलं.
पाच वर्षांत मला बोटांनी वाचता यायला लागलं.

सकाळी ती हॉटेलातल्या चादरी बदलायची,
दुपारी टाइपरायटर. खिडकीखालून जाताना ऐकू यायचा,
मध्येच अडखळणारा, पुन्हा चालू लागणारा.
कादंबरी हेरिंग कापणाऱ्या पोरींची:
बोटांना चिंध्या गुंडाळून
मिठात हात घालणाऱ्या, तिच्या आईच्या वयाच्या.
"समुद्र सगळ्यांना हवा असतो, रॉरी," ती एकदा म्हणाली,
"वास नको असतो."

ग्रंथालयातल्या जाडजूड सूचीतून
एजंटांची नावं तिने वहीत उतरवली होती,
किराण्याच्या यादीखालीच. बटाटे. साबण. थ्रेल.
बटाट्यांवर काट. साबणावर काट.
एकाने लिहिलं, नायिका प्रेमात फार उशिरा पडते.
आणि एकाने, प्रिय मिस्टर ब्रेमर.
ते पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं,
हसता हसता तिला खोकला आला,
मग बराच वेळ खोकलाच.

नोव्हेंबरात पुडकं आलं. पत्ता टाइप केलेला.
तिचं अक्षर कुठेच नाही.
पेटीच्या फटीतून जाईना, म्हणून दार ठोठावलं;
खरं सांगायचं तर, जात असतं तरी ठोठावलं असतं.
तिने कोरडेच हात पुन्हा पुसले.
"तूच उघड."

कोणी मिस ऑकेंडन लिहीत होती:
मिस्टर थ्रेल नऊ तारखेला वारले.
कचेरी बंद होते आहे.
ज्याचं त्याला परत पाठवत आहोत.
"म्हणजे हाही गेला," आयना म्हणाली.
माणसाबद्दल म्हणाली की पत्त्याबद्दल,
मला कळलं नाही.

बाड नेहमीसारखं नव्हतं.
नेहमीचं बाड गेलं तसं यायचं, कडा धारदार,
पहिल्या पानाला तेवढा दुसऱ्याचा अंगठा लागलेला.
हे फुगलेलं होतं.
चौदाव्या पानावर कपाचं गोल वर्तुळ.
साठाव्यावर एक स्वल्पविराम, अगदी हलक्या हाताने खोडलेला.
एकशे एकतिसाव्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीने:
इथे तिला गप्प राहू द्या.
ती ते वाक्य ओठ हलवत वाचत राहिली.
"बरोबर आहे," म्हणाली. "मी उगाच बोलायला लावलं तिला."

दोनशे बाराव्या पानावर, अगदी तळाशी,
थरथरत्या हाताने एकच शब्द.
मग?

त्यापुढची पानं कोरीकरकरीत,
एकमेकांना चिकटलेली.

"दोनशे बारा," ती म्हणाली,
लिलावात कोणी आकडा पुकारावा तशी.
"इथवर कोणी आलं नव्हतं."
किटली शिट्टी घालत होती, ती उठली नाही.

मी पोस्टाची पिशवी खांद्यावरून उतरवली.
चौदा वर्षांत कुठल्या दारात उतरवली नव्हती.
"मग?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं,
खुर्चीवरचा इस्त्रीचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला
आणि दोनशे तेरावं पान
नखाने हळूच सोडवलं.

वरच्या गल्लीला विजेची बिलं
त्या दिवशी दिवेलागणीला मिळाली.
तक्रार कोणी केली नाही.