टिक्

स्ट्रॉमनेसच्या सभागृहात दर मंगळवारी
सात कुत्री, सात माणसं,
आणि मधोमध विल्मा फ्लेट, हातात एक डबी,
काड्यापेटीहून लहान. दाबली की टिक्.
"ही टिक् म्हणजे शब्द," ती म्हणाली,
"दिला की पाळायचा.
कुत्रा बसला, टिक्, लगेच चीज.
चुकून वाजली, तरी चीज.
उधारी चालणार नाही."

एडविन रेंडलला हे पटलं.
एकतीस वर्षं त्याने फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेलं;
बटण दाबलं की काहीतरी झालंच पाहिजे
एवढाच त्याचा धर्म.
बॅनक मात्र पक्का नास्तिक:
तपकिरी, अर्धा टेरिअर,
एक कान उभा, एक कान कायम सुट्टीवर.

पहिल्या दिवशी आनंदीआनंद.
कोपऱ्यातल्या पूडलने पंजा उचलला, टिक्,
आणि उरलेली सहा तोंडं पगार मागायला हजर.
एक लॅब्रेडॉर तर न बसता, न उठता
नुसत्या हजेरीवर पावशेर चीज चेपून गेला.

घरी मात्र जमलं.
बस. टिक्. चीज.
थांब. टिक्. चीज.
तीन आठवड्यांत बॅनक पायपुसण्यावर थांबू लागला,
एडविनच्या सगळ्या कोटांना वास येऊ लागला,
आणि धुराड्यावरचा स्टार्लिंग,
आपल्या साळुंकीचा तिकडचा चुलतभाऊ, तसाच आगाऊ,
एका सकाळी म्हणाला,
टिक्.

हुबेहूब.
स्प्रिंगचं ते शेवटचं बारीक कण्हणंसुद्धा.

बॅनकने टपालवाल्या थोराचा बूट धरला. टिक्.
बक्षिसासाठी वाढवलेले लीक मुळासकट उपटले.
टिक्. टिक्.
उताणा पडून घोरत होता. टिक्.
उठला बिचारा, धडपडत आला
झोपेची मजुरी घ्यायला.

"मी नाही वाजवली!" एडविन म्हणाला.
पण कुत्र्याला हिशेब कसा दाखवायचा?
आणि शब्द तो शब्द.
पाखराने करावं, माणसाने भरावं,
महिन्याला दोन किलो.

"शिट्टी वापरून बघ," विल्मा म्हणाली.
शिट्टीला पक्ष्याने पाच दिवस घेतले.
"मग तोंडाने सांग. नुसतं शाबास म्हण."
एडविन टोपीकडे बघत बसला.
त्या बेटावर कौतुकाची भरती
'वाईट नाही' या पायरीपर्यंतच चढते.
तेही त्याने एकदाच म्हटलं होतं,
एका नव्या पिस्टनला.
तरी बागेत गेला, घसा साफ केला,
"शा..." म्हणाला,
आणि ठसका लागून परत आला.

दुसऱ्या दिवशी धुराडं खोकलं.

त्यातच त्याच्या लक्षात आलं:
आपण फेकतो त्यातले चार तुकडे बॅनक खातो,
पाचवा गवतात हरवतो,
आणि तिथे काळा, ठिपक्याठिपक्यांचा कोट घातलेले
एक गृहस्थ आधीच येऊन उभे असतात.
म्हणजे मंगळवारी शिकवणी कुत्र्याची,
आणि रोजचा गृहपाठ कोणाचा?
त्याने हे विल्माला सांगितलं नाही.
काही गोष्टी माणूस इंजिनरूममध्येच ठेवतो.

ऑक्टोबर आला. असा वारा, की मेंढ्याही तिरक्या चरत होत्या.
गुडघा ठणकत असताना एडविनने एकट्याने
घोंगडी दोरीवर टाकली,
ती उडाली, पुन्हा टाकली,
दातांत चिमटे धरून, सात चिमटे लावून
एकदाची पकडली.

वरून आवाज आला.
टिक्.

त्याने मागे वळून पाहिलं. बॅनक घरात, शेगडीपाशी.
अंगणात दुसरं कोणीच नाही.
त्याने खिसा चाचपला,
चीजचा तुकडा काढला, त्यावरचा दोरा झटकला,
आणि स्वतःच खाल्ला.
मग धुराड्याकडे बघून,
वाऱ्यातच, पण ऐकू जाईल असं, म्हणाला:
"वाईट नाही."