मोड

अंबडमध्ये, तिसऱ्या शिफ्टला, चारच्या सुमारास
मी सांधा कापून बघते.
आधी करवत, मग पाण्याखाली पॉलिशपेपर,
मग हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट, मग सूक्ष्मदर्शक:
रिव्हेटचे पाय आत फाकलेले,
दाढेच्या मुळांसारखे.
आणि खाली, जिथे फुगवटा येतो त्या कडेला,
केसाएवढी भेग.

पत्र्याची समजूत घालता येते, तो वाकतो.
ओतीव ॲल्युमिनियम ऐकून घेत नाही,
तडकतं.
सदतीस नमुने, सदतीस भेगा.
कोठावदे साहेब म्हणाले, चिकटवून टाकू या.
मग स्वतःच म्हणाले, नको,
वीस वर्षांनी गाडी भंगारात जाईल
तेव्हा गोंद कोण खरवडत बसणार?
अजून रस्त्यावरही न आलेल्या गाडीचं
तेरावं घालून आम्ही पांगलो.

रविवारी आईचं घंगाळ घेऊन तांबट लेनमध्ये गेले.
रंगनाथ तांबटांनी ते बोटाच्या पेरानं वाजवलं,
उलटं केलं,
आणि काट्यावर ठेवायच्या आधी
छिन्नी घेऊन एका कडीशी झटत बसले.
आमच्यातल्या कुणीतरी कधीतरी
निखळलेली कडी लोखंडी खिळ्यानं ठोकून आणली होती.
"हा निघाल्याशिवाय मोड होत नाही, ताई.
लोखंड भट्टीत गेलं की सगळा रस नासतो.
ती दुसरी कडी बघा.
तांब्याला तांब्याचाच खिळा.
जातीला जातीचा."

माणसांत मला तो शब्द सोसत नाही.
तरी रविवार कारंजापर्यंत तोच तोंडात घोळत राहिला,
सुपारीच्या खांडासारखा.

सोमवारी रात्री रिव्हेट बदलला, ॲल्युमिनियमचाच घेतला.
खालचा साचा उथळ केला,
भाग आधी जरा शेकून घेतला, बाळाला शेकतात तसा.
अडतिसाव्याला भेग होती.
एकोणचाळिसाव्यालाही होती, पण
कडेशीच थबकलेली,
आत यावं की नाही, ठरवत.

साहेबांना अजून फोन केला नाही.
डबा उघडला. मटकीची उसळ.
तांबटाकडची ती मोड,
मटकीचा तो मोड.
हात पुसले
आणि चाळिसावा करवतीला लावला.